गुडघ्यातली अक्कल

१

रहस्यकथेत पहिल्याच पानावर कुणीतरी थंड पडलेलं असावं लागतं. इथे थंड पडली होती ती गाडीची सीट. हसू नका. त्या सीटपायी एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातातली गाडीची चावी जाणार होती, आणि चावीबरोबर बरंच काही.

बुधवारी सकाळी दहा वाजता गणिताच्या बाई गाडी घेऊन गॅरेजात आल्या. शेजारच्या सीटवर त्यांचा मुलगा होता. तो दातांचा डॉक्टर. स्वच्छ, नीटनेटका आणि सदा काळजीत.

"तिसरी खेप," डॉक्टर उतरता उतरता म्हणाला. "आईचं म्हणणं, सीट गरम होत नाही. तुम्ही दोनदा तपासलीत, एकदा स्विच बदललात. मी बसतो तेव्हा छान गरम होते. मामा बसतो, त्यालाही गरम लागते. फक्त आईला थंड लागते."

"लागत नाही, असते," बाई म्हणाल्या. "आणि जळकट वासही येतो."

"आई, नाकाचंही वय होतं गं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर पाना पुसत उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. वायरिंगचं काम बघणाऱ्या या ताईला सगळं गॅरेज करंटताई म्हणायचं. एका गिऱ्हाइकाच्या तोंडून एकदा 'करंटी ताई' असं निसटलं होतं, तेव्हापासून ती फोनवर आधीच बजावायची, "करंट, हं. करंटी नव्हे."

तर ही करंटताई बाईंची विद्यार्थिनी. उत्तर बरोबर आलं तरी पायऱ्या लिहिल्याशिवाय बाई मार्क देत नसत. एकदा सगळी उत्तरं बरोबर असून तिला दहापैकी चार मिळाले होते, आणि तो राग तिनं तीस वर्षं लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता.

"हे बघ," बाई तिला म्हणाल्या, "मी याला शब्द दिलाय. आज संध्याकाळी पाचपर्यंत गाडीत खरा दोष सापडला, तर हा माझ्या गाडी चालवण्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. आणि तिसऱ्यांदाही गाडी ठणठणीत निघाली, तर दोष माझ्या डोक्यात. मग चावी याच्या खिशात."

"आणि उद्या गुरुवार आहे," बाईंनी हळूच जोडलं. ते वाक्य बाईंनी कुणासाठी म्हटलं, ते करंटताईला कळलं नाही. बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

२

डॉक्टर दवाखान्यात गेला. बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर शब्दकोडं घेऊन बसल्या. करंटताईनं गिअरशेजारचा स्विच उचकटून बाहेर काढला.

स्विच साधाच होता. एक बाजू दाबली की सीट कोमट, दुसरी दाबली की कडक, मध्ये बंद. तिनं मागची वायर सोडवली, वाट सलग असली की वाजणाऱ्या मीटरच्या दोन सुया टोकांना लावल्या. कोमट. मीटर म्हणाला, टूं. कडक. टूं. बंद. गप्प. शंभर वेळा दाबला, शंभर वेळा मीटर इमानदारीत वाजला. केस वाळवायच्या यंत्रानं तापवला, मालकांच्या फ्रीजमध्ये अर्धा तास गारठवला, हलवला, वाकवला, टेबलावर आपटला. स्विच काही बोलेना. दुसऱ्या खेपेला काढून ठेवलेला जुना स्विच तपासला, तोही निर्दोष. फ्यूज शाबूत. बॅटरीतून येणारा विजेचा दाब पुरेपूर.

स्विच पुन्हा जागेवर बसला. आता दुसरा भाग.

त्या गॅरेजात एक पद्धत होती. स्विच करंटताईनं तपासायचा, सीट भीमकाकांनी. भीमकाका म्हणजे थोरले मिस्त्री, वजन एकशे दहा किलो, स्वभाव लोण्याचा. बाकी मंडळी थंडीत कुडकुडत असताना गरम सीटची चाचणी घ्यायला ते एका पायावर तयार असत. आत्ताही ते बसले, डोळे मिटले आणि तीन मिनिटांत घोरायला लागले.

"काका! गरम झाली का?"

"झाली म्हणजे? भाकरी शेकून निघेल," काका दचकून म्हणाले. "लिही गाडीच्या कार्डावर, ओके."

करंटताईनं पेन उचललं. दोन ओळी वर तिच्याच अक्षरात दोनदा 'ओके' लिहिलेलं होतं. तिसरं लिहिलं की संपलं.

"पायऱ्या?" कोपऱ्यातून आवाज आला. बाईंनी शब्दकोड्यातून मान वर केली नव्हती.

करंटताईनं पेन खाली ठेवलं. ती सीटपाशी गुडघ्यांवर बसली आणि खाली हात घातला. हाताला एक वीतभर पांढरा दोरा लागला. मग तिनं सीटच्या कापडावर तळहात ठेवला. कापड दमट होतं, आणि त्याला औषधी, झणझणीत वास होता. गाडीच्या डिकीत गुंडाळलेला दमट टॉवेल सापडला.

"बाई, सीट ओली कशानं झाली?"

"ते सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या गणितात ते पद येत नाही."

"बाई, मी तुमच्या बाजूची आहे."

"बाजू समीकरणाला असते. तू खऱ्याच्या बाजूची हो."

करंटताई खाली वाकून पुन्हा वास घेऊ लागली. औषधी वासाच्या खाली आणखी एक वास होता. अगदी पुसट, पण ओळखीचा. तिचं अर्धं आयुष्य त्या वासाच्या मागे गेलं होतं.

करपलेल्या वायरचा.

३

म्हणजे बाईंचं नाक शाबूत होतं! करंटताईला इतका आनंद झाला की तिनं भीमकाकांच्या पाठीत धपाटा घातला.

"बाई, सीट पहिल्यांदा थंड कधी लागली?"

बाईंनी पर्समधून छोटी वही काढली. "दोन महिन्यांपूर्वीचा सोमवार. सकाळी नऊ चाळीस."

"त्याआधी गाडी कुणाच्या हातात होती?"

"शनिवारी सूनबाईच्या. रविवारी दुपारी माझ्या भावाच्या. रविवारी संध्याकाळी चिरंजीवांनी धुतली."

करंटताईनं मीटर पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. साडेअकरा वाजले होते.

सूनबाईंची रोपवाटिका होती. त्या वाफ्यात बसून रोपं लावत होत्या आणि पँटच्या दोन्ही गुडघ्यांना मातीचे हे मोठाले गोल होते.

"शनिवारी मी कुंड्या आणल्या," त्या म्हणाल्या. "डिकीत आणि मागच्या सीटवर. का हो? आईंच्या गाडीला काही झालं का? खरं सांगू, त्यांनी गाडी चालवावी असंच मला वाटतं. त्या घरी बसल्या तर माझ्या रोपांना वर्गमूळ शिकवतील."

"गाडी चालवताना सीट गरम लागली?"

"चांगली लागली. शनिवारी अगदी मस्त."

करंटताईनं ते मनात नोंदलं आणि मामांच्या दुकानाकडे निघाली. बाईंचे धाकटे भाऊ शिंपीकाम करायचे. तोंडात टाचण्या धरून, जमिनीवर एक गुडघा टेकून ते एका गिऱ्हाइकाच्या पँटची उंची मापत होते. भोवताली पांढऱ्या दोऱ्याच्या रिळांचा ढीग.

दोरा आणि गुडघा, दोन्ही एकाच दुकानात! करंटताई पुढे सरसावली. गुडघ्याचं काय ते तिला अजून नीट कळलं नव्हतं, पण दिवसभरात तिच्या डोळ्यांसमोर गुडघेच गुडघे येत होते. तिनं सापडलेला दोरा पुढे केला.

"मामा, हा तुमचा?"

मामांनी टाचण्या काढल्या, चष्मा चढवला, दोरा बोटांत फिरवला. मग त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"हा? हा माझ्या दुकानातला? अहो, हा दोराच नाही! याला पीळ कुठाय? मेण चोपडलंय वर. याची टीप घातली तर बाही हातात येईल." त्यांनी दोरा नाकाशी नेला. "आणि वास बघा. पुदिन्याचा! पन्नास वर्षं दोरे हाताळतोय, पण पुदिन्याचा वास येणारा दोरा बापजन्मात पाहिला नाही. अक्काला सांगा, गुन्हेगार शोधायचाय तर चटणी वाटणाऱ्यांत शोध म्हणावं."

करंटताई स्कूटरवर बसली, पण किक मारायची राहिली. मेणाचा, पुदिन्याच्या वासाचा दोरा तिनं कुठे तरी पाहिला होता. कुठे, ते ओठांवर येऊन अडलं होतं.

४

साडेतीन वाजले. करंटताईनं सीटखालची वायर सोडवली. गादीच्या आत एक लांब तार असते, वळणावळणानं फिरवलेली. वीज तिच्यातून गेली की गादी तापते. तिच्या दोन टोकांना तिनं मीटर लावला.

"बाई, बसता का जरा?"

बाई बसल्या. बेचाळीस किलो, पर्ससकट. मीटर गप्प.

"काका, आता तुम्ही."

काका बसले. टूं.

"उठा. बाई, तुम्ही."

गप्प.

भीमकाका डोकं खाजवायला लागले. "ही गाडी माणसं ओळखते की काय?"

"गाडीला काय कळतंय," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे लकाकायला लागले होते. "अगं, दोन समीकरणं लिही एकाखाली एक. गाडी तीच, स्विच तोच, तार तीच. बदललं काय?"

करंटताई एका सेकंदात उठली. कोपऱ्यात जुन्या बॅटऱ्या रचून ठेवल्या होत्या, एकेक पंधरा किलोची. तिनं सीटवर जाड पुठ्ठा टाकला आणि बॅटऱ्या चढवायला सुरुवात केली.

एक. गप्प. दोन. गप्प. तीन, म्हणजे पंचेचाळीस. तरी गप्प. गॅरेजातले सगळे हातातली कामं टाकून भोवती जमले. तिनं चौथी बॅटरी ठेवली.

टूं!

चौथी काढली. गप्प. ठेवली. टूं. गॅरेजात टाळ्या पडल्या, आणि बाईंनी खुर्चीवर बसल्या बसल्या दोन्ही मुठी वर केल्या.

"तार तुटलीय," करंटताई धापा टाकत म्हणाली. "जड माणूस बसला की तुटकी टोकं एकमेकांना टेकतात आणि सीट गरम होते. हलकं माणूस बसलं की टोकं लांबच राहतात. नाहीतर टेकल्या न टेकल्यासारखी होतात, मग ठिणगी उडते आणि करपतं. बाई, तुम्ही घरात सगळ्यांत हलक्या, म्हणून फक्त तुम्हाला थंड! आणि आम्ही शहाणे, तिन्ही वेळा भीमकाकांना बसवून तपासलं."

"म्हणजे दोष माझा?" काकांचा चेहरा पडला.

"दोष पद्धतीचा, काका. तुमचं वजन फारच मदत करणारं आहे."

तिनं सीटचं कापड सोडवलं. पाठीजवळच्या बाजूला गादी बशीएवढी खोल दबली होती आणि तिथेच तार तुटून भोवती तपकिरी डाग पडला होता. बसून असा खळगा पडत नाही. मग कशानं? उत्तर दिसलं आणि ती स्वतःशीच हसली. अंग मोडून आलं म्हणून ती तिथेच, गाडीत डोकं टेकून, छताकडे बघत क्षणभर पडली.

छतातल्या दिव्याचं झाकण किंचित वाकडं बसलं होतं. फटीतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

५

पाचला पाच कमी असताना डॉक्टर आला. सूनबाई आल्या, मामा टाचण्यांसकट आले.

"निकाल?" डॉक्टरनं विचारलं. त्याचा हात नकळत चावीसाठी पुढे झाला होता.

"बाईंचं बरोबर होतं," करंटताई म्हणाली. "सीटच्या आतली तार तुटलीय. जळकट वासही खरा. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर सीटनं पेट घेतला असता. बाईंनी हट्ट धरला म्हणून वाचलो."

डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. मग सावरून तो म्हणाला, "बघ आई! म्हणजे तूच मोडलीस. आत चढताना गुडघा टेकला असशील सीटवर. तुला आता नीट चढता-उतरता येत नाही, हेच तर मी—"

"डॉक्टर," करंटताई गोड आवाजात म्हणाली, "मी फक्त तार तुटली म्हटलं. गुडघ्याचं नाव कुणी काढलं?"

गॅरेजात टाचणी पडली असती तर आवाज आला असता. पडलीच; मामांच्या तोंडातून.

"चोराच्या मनात चांदणं," मामा पुटपुटले.

"पायऱ्या," बाई म्हणाल्या.

करंटताईनं हात पुसले. तीस वर्षांनी ती फळ्यापुढे उभी होती. "पायरी पहिली. शनिवारी सूनबाईंना सीट गरम लागली, आणि त्या काही भीमकाका नाहीत, जेमतेम पंचेचाळीस किलोच्या आहेत, तीन बॅटऱ्यांएवढ्या. म्हणजे तार तोवर शाबूत होती. सोमवारी बाईंना थंड. मोडली ती रविवारी. पायरी दुसरी. खळगा एकाच जागी, खोल, पाठीजवळ. सगळं वजन गुडघ्याच्या एका वाटीवर आलं की असा पडतो. बाईंचे गुडघे तर वाकतच नाहीत, त्या आधी बसतात आणि मग पाय आत घेतात. पायरी तिसरी. मामा दुकानात दिवसभर गुडघा टेकून असतात, पण गाडी चालवताना ते गुडघ्यावर का उभे राहतील? सीटवर गुडघे टेकतो तो, ज्याला वर काहीतरी करायचंय."

तिनं हात उंचावून दिव्याचं झाकण काढलं. आत काड्यापेटीएवढी काळी डबी होती, दिव्याच्या वायरींना जोडलेली आणि पांढऱ्या दोऱ्यानं आवळून बांधलेली.

"गाडी कुठे कुठे जाते ते फोनवर दाखवणारं यंत्र. आणि हा दोरा. मेणाचा, पुदिन्याच्या वासाचा. मामांच्या दुकानात नाही, आमच्या गॅरेजात नाही. गेल्या वर्षी माझी दाढ काढली तेव्हा ज्यांच्या दवाखान्यात पाहिला, त्यांच्याकडे मात्र रिळं भरून आहे. दातांच्या फटी साफ करायचा दोरा. पायरी चौथी. त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा, न सांगता, आईची गाडी कुणी धुतली?"

सगळ्यांनी डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं कुणाकडेच पाहिलं नाही.

"अरे वा," बाई शांतपणे म्हणाल्या. "लोकांची अक्कल गुडघ्यात असते. तुझी गुडघ्यातून सीटमध्ये उतरली."

आधी भीमकाका हसले, मग सगळं गॅरेज. सूनबाई तर मातीच्या गुडघ्यांवर हात आपटून हसल्या. पण डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पाहून एकेक जण गप्प झाला.

६

"मला भीती वाटते गं आई," तो म्हणाला. "दर सोमवारी आणि गुरुवारी तू दोन तास कुठे जातेस, सांगत नाहीस. केस ओले करून येतेस. विचारलं तर विषय बदलतेस. मला वाटलं, कुठल्या दवाखान्यात जातेस. मोठं काहीतरी आहे आणि माझ्यापासून लपवतेस."

"आणि यंत्रानं काय सांगितलं?"

"एका मोठ्या इमारतीचा पत्ता. बाहेर उपचार केंद्राची पाटी आहे. पुढे जायची मला हिंमत झाली नाही." त्यानं नाक ओढलं. "चावी माझ्याकडे आली असती तर निदान तुला सोडायला तरी मी आलो असतो."

बाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी पर्समधून एक निळी रबरी टोपी काढली आणि डोक्यावर चढवली. पांढरे केस आत गेले, कान बाहेर राहिले.

"उपचार केंद्र पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर तलाव आहे. मी पोहायला शिकतेय, वेड्या. गुडघ्यांना बरं म्हणून गेले आणि आता आवडायला लागलं. परवा अख्खी एक फेरी मारली, न थांबता. पाण्यातून बाहेर आलं की पाठ आखडते, म्हणून ती सीट गरम हवी. तुला सांगितलं असतं तर तू बंद पाडलं असतंस."

"पाडलं असतं," डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाला आणि रडता रडता हसायला लागला.

तेव्हा करंटताईला दमट सीटचा, टॉवेलचा आणि त्या झणझणीत वासाचा उलगडा झाला. तलावातलं औषध. हे पद तिच्या गणितात खरंच येत नव्हतं, पण ते कळल्यावर तिला उत्तराहून जास्त आनंद झाला.

"नवी गादी उद्या नऊपर्यंत बसवून देते," ती म्हणाली. "आणि यापुढे आमची पद्धत बदलली. सीट आधी सगळ्यांत हलक्या माणसानं तपासायची, मग काकांनी."

"काकांनी शेवटी का होईना, पण तपासायची," भीमकाका घाईघाईनं म्हणाले.

बाईंनी कार्ड मागून घेतलं. दोन 'ओके'खाली लाल पेनानं लिहिलं, दहापैकी दहा, आणि शेजारी सही केली. करंटताईनं ते कार्ड मालकांना दिलंच नाही. चुकून खिशात गेलं, असं तिचं म्हणणं आहे.

मग बाई मुलाकडे वळल्या. त्यानं ती काळी डबी त्यांच्या हातात ठेवली होती. बाईंनी ती कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात झटकले आणि म्हणाल्या, "मी कुठे जाते ते बघायचंय ना तुला? उद्या दहाला तयार राहा. शेजारच्या सीटवर बसायचं. नीट, गुडघे खाली ठेवून."

"येतो."

"पोहायची चड्डी आहे का?"

डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, मला पोहता येत नाही. मला पाण्याची भीती वाटते, तुला माहितीये."

"माहितीये," बाई म्हणाल्या, आणि टोपी तशीच डोक्यावर ठेवून त्यांनी त्याच्या गालावर हात फिरवला. "तलावाच्या कडेला छान रुंद पायऱ्या आहेत. घाबरायचं नाही. आधी पायऱ्या."